पिकप तापतेय? आधी सांगा, कुठे तापते

माझं गॅरेज कुंभार्ली घाटाच्या चिपळूण बाजूला आहे. कराडकडे माल घेऊन चढणाऱ्या गाड्या तापल्या की एक तर अर्ध्या घाटातून उलट खाली येतात, नाहीतर कशाबशा हेळवाकपर्यंत पोचतात आणि तिथून फोन येतो. त्यात जुन्या पिकप सगळ्यात जास्त. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी चिरे, वाळू, सिमेंट.

ड्रायव्हर उतरल्या उतरल्या सांगतो, "काका, गाडी तापते." पुढचं निदानही तयार असतं: "वॉटर बॉडी गेली असणार." वॉटर बॉडी म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. नाहीतर वाटेत कुणीतरी सल्ला दिलेला असतो, "थर्मोस्टॅट काढून टाक, काही होत नाही." थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की ते रेडिएटरकडे, म्हणजे पुढच्या थंड करणाऱ्या जाळीकडे, सोडणारी झडप. मी पाना उचलायच्या आधी विचारतो, कुठे तापते? चढाला, सपाटीला वेगात असताना, की नुसती उभी असताना? लोडवर की रिकामीसुद्धा? सकाळी चालू केल्यावर किती वेळाने? याची नीट उत्तरं मिळाली तर निम्मं काम झालं. ड्रायव्हरला आठवत नसेल तर मी त्याला परत एक फेरी मारून यायला सांगतो. त्याला राग येतो, पण उगाच वॉटर बॉडी बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हे सगळं जुन्या डिझेल पिकपबद्दल आहे. महिंद्राचं 2523 सीसीचं डीआय इंजिन असो की टाटा 207चं, पाण्याचा रस्ता थोड्याफार फरकाने सारखाच असतो.

घाटात काटा वर गेला तर

आधी रस्त्यावरचं सांगतो, कारण गॅरेजला यायच्या आत काय करता यावर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाचतं की जातं हे ठरतं.

तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकायला लागला की एसी असेल तर बंद करा, खालचा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत चढवलं की पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही हळू फिरतात आणि इंजिनावर जोर मात्र पूर्ण असतो. हीटर असेल तर पूर्ण चालू करा. मे महिन्यात जीव जाईल, पण तो इंजिनासाठी एक छोटा जादा रेडिएटरच आहे.

तरी काटा उतरत नसेल तर वळण सोडून रुंद जागा बघा, गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. वाफ येत नसेल, पंखा आणि वॉटर बॉडी फिरवणारा पट्टा जागेवर असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलला आयडलपेक्षा थोडं वर फिरू द्या, दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला लागतो. बॉनेटखालून वाफ येतेय, पाणी सांडलंय किंवा पट्टा तुटलाय असं दिसलं तर मात्र ताबडतोब बंद करा. निघताना चाकामागचा दगड रस्त्यातून उचला, मागून येणारा मोटरसायकलवाला त्याच्यावर जातो.

एक गोष्ट फार जण फसतात अशी. वर गेलेला काटा चालत्या गाडीत अचानक थंडवर पडला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोपर्यंतच खरं सांगतो. पाणीच गेलं तर त्याच्याभोवती काही उरत नाही आणि काटा खाली येतो. अशा वेळी इंजिन बंद.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबायचं. रेडिएटरची वरची होज, म्हणजे रबरी नळी, हाताने दाबून बघा. कडक लागली तर आत दाब आहे. मऊ झाली की जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ निघून जाऊ द्या, मग काढा. आणि तापलेल्या इंजिनात झऱ्याचं थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर, चालू ठेवून, हळूहळू घाला.

कुठे तापते यावरून

बाजारात, फाटकात, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरते: हा वाऱ्याचा प्रश्न. पंखा बघा.

शहरात ठीक, पण मुंबई-गोवा हायवेला वेगात तापते: वारा तर भरपूर मिळतोय, म्हणजे पाणी कमी फिरतंय. रेडिएटर आतून तुंबलाय, खालची होज आत ओढली जातेय किंवा वॉटर बॉडीचं आतलं पातं झिजलंय.

फक्त लोडवर, फक्त चढाला: माझ्याकडे हीच तक्रार सर्वांत जास्त येते. बहुतेक वेळा रेडिएटर निम्मा बंद असतो, आतून किंवा बाहेरून. रिकाम्या गाडीला तो निम्मा पुरतो, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही.

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते: पाणी नाही, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी, गेलंय.

काटा वर पण होज कोमट, वाफ नाही, वास नाही: सेन्सर, त्याची वायर किंवा मीटर. हल्ली लांबून तापमान दाखवणारी गन स्वस्तात मिळते, एक घेऊन ठेवा. फक्त ती चकचकीत ॲल्युमिनियमवर मारू नका, खोटा आकडा दाखवते. रबरी होजवर किंवा काळ्या रंगावर मारा.

त्याच गनने अजून एक मोठं काम होतं. गाडी तापलेली असताना वरची आणि खालची होज मोजा. वरची पार तापलेली आणि खालची नुसती कोमट असेल तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाहीये. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापलेल्या असतील तर पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर जात नाहीये, म्हणजे पंखा किंवा जाळी. पुढचे किती तास कुठे घालवायचे ते इथे ठरतं.

स्वस्तापासून महागाकडे

पहिलं झाकण. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, पण लोक वॉटर बॉडी बदलतात आणि झाकण तेच ठेवतात. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. साधं पाणी उघड्यावर 100 अंशाला उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर 95च्या आसपासच. 0.9चं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी समुद्रसपाटीला साधारण 119पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की हा सगळा फायदा गेला, आणि इंजिन ठणठणीत असूनही गाडी पाणी फेकते. झाकणात दुसरी एक छोटी चकतीही असते. इंजिन निवताना ती उघडते आणि बाजूच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. ती अडकली की सकाळी वरची होज चपटी झालेली दिसते. बाटली भरलेली पण रेडिएटर उणा, असं दिसलं तरी झाकण बघा आणि बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरलीय का तेही बघा. नवं झाकण जुन्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं बसवलं की जुना रेडिएटर आणि होज फुटतात.

मग पट्टा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबला की साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबला पाहिजे. आतल्या बाजूला चिरा, चमक किंवा तेल असेल तर बदला. पट्ट्याकडे मी जरा जास्तच लक्ष देतो, त्याला कारण आहे. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम देणारा पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. पट्टा तुटला की चार्जिंग जातं, पाणी फिरायचं थांबतं, आणि दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. घाट उतरताना बॅटरीचा लाल दिवा लागला तर तो बॅटरीचाच आहे असं समजून पुढे जाऊ नका.

पंखा. थेट बसवलेला असेल तर पाती तुटलीत का, आणि उलटा बसवलाय का ते बघा. हसू नका, वॉटर बॉडीचं काम झालेल्या गाड्यांत उलटा पंखा मी पाहिलाय. इंजिन चालू असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, चिकटला पाहिजे. व्हिस्कस, म्हणजे मधे तेलाचा जोड असलेला, पंखा असेल तर इंजिन बंद ठेवून हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा सुटा फिरला आणि मधल्या गोळ्याभोवती तेलकट धूळ दिसली तर आतलं सिलिकॉन तेल गळून गेलंय. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले, स्विच, या क्रमाने.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, पुष्कळ गाड्यांत गायबच असतं. काम करताना अडतं म्हणून कुणीतरी काढलं आणि परत बसवलं नाही. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी बाजूचाच गरम वारा फिरवत बसतो. भंगारवाल्याकडे शोधा, पण बसवा. आणि पुढच्या बाजूची नावाची पाटी, चार जादा दिवे, किड्यांसाठी बांधलेली नेट यांचाही हिशेब करा. सजावटीला माझा विरोध नाही. ती रेडिएटरच्या तोंडावर नको एवढंच.

रेडिएटर, बाहेरून आणि आतून

आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीत जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये लाल माती बसते. पावसात चिखल उडतो, उन्हात भाजून कडक होतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण माती आत असते. एसीची गाडी असेल तर कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गच्च थर असतो, आणि तो दोन्ही सुटे केल्याशिवाय दिसत नाही. विजेरी मागे धरून पुढून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे.

धुवायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट. पुढून धुतलं की घाण अजून आत जाते. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा तिरका मारू नका, पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद. साधी नळी, धीर आणि मधे मधे भिजू द्यायचं. तेल गळून चिकट झालं असेल तर आधी साबणाचं पाणी. आणि धुतल्यावर चकाचक दिसावा म्हणून रेडिएटरला जाड काळा रंग मारणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मारू नका.

आतलं दुखणं पाण्याचं असतं. घाटावर बोअरचं पाणी जड. ड्रायव्हर ढाब्यावर जे मिळेल ते भरतो, आणि पाणी तापवायच्या बंबात आतून पांढरा थर बसतो तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. झाकण काढून विजेरीने नळ्यांची तोंडं बघा. पांढरी किंवा तांबूस पपडी दिसली तर निदान झालं. गरम गाडी बंद करून गनने जाळीभर फिरवून मोजा: मधेच थंड पट्टा लागला की तेवढ्या नळ्या बंद आहेत.

थर पातळ असेल तर बाजारात मिळणाऱ्या फ्लशने, म्हणजे आतून धुवायच्या औषधाने, भागतं. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त फिरवू नका, जुन्या रेडिएटरला भोकं पडतात. थर जाड असेल तर पितळी रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा. तो टाक्या उघडून नळ्यांत पट्ट्या घालून साफ करतो, त्याला आमच्यात रॉडिंग म्हणतात. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर रॉडिंगच्या फंदात पडू नका, कोअर बदला.

मग भरायचं काय? कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. ते मिश्रण साधारण 107 अंशाला उकळतं, गंज धरू देत नाही आणि वॉटर बॉडीच्या सीलला जपतं. दोन रंगांची कूलंटं एकत्र करू नका, काही मिसळली की चिकट गाळ होतो. अडचणीत नदीचं पाणी भरलं तर भरलं, पण घरी आल्यावर काढा.

होज, वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट

खालची होज नेहमी विसरली जाते. तिथे पाणी ओढलं जातं, म्हणून आत स्प्रिंग असते. ती गंजून गेली की वेगात होज आत चिमटते आणि उभ्या गाडीत परत फुगते. गाडी गरम असताना एकाला रेस द्यायला सांगा आणि वरून बघा. शर्टाची बाही आणि पंखा यांच्यात अंतर ठेवा.

वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून पाण्याचा ओघळ किंवा कूलंटचा वाळलेला डाग दिसला तर सील गेलंय. पट्टा सैल करून पंखा धरून पुढे-मागे हलवा. खडखडली तर बेअरिंग. असल्या वॉटर बॉडीवर चालवत राहिलं तर एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. साधं पाणी वापरलेल्या गाडीत बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतलं पातं मात्र गंजून निम्मं राहिलेलं असतं. ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आता थर्मोस्टॅट. तो काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचाच खालचा भाग बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की ती वाट कायम उघडी, आणि थोडं तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे घाटात, नेमकं गरज असते तेव्हा, गाडी उलट जास्त तापू शकते. आणि थंडीत कराडच्या बाजूला इंजिन तापतच नाही: पांढरा धूर, डिझेल जास्त, सिलिंडरची झीज.

तपासायला पाच मिनिटं लागतात. काढा, पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा म्हणजे तळाला टेकणार नाही, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर 82 लिहिलं असेल तर 82च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. नाही तर नवा घ्या, त्याच आकड्याचा. बसवताना बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

पाण्याचा दोष नसतानाही

सव्वा टनाच्या गाडीत तीसेक किलोचे चिरे धरले तर चाळीस चिऱ्यांना हिशेब संपतो. त्याच्या दुप्पट भरून वर मला विचारतात, "काका, नवीन रेडिएटर टाकला तरी तापते कशी?" चढ जास्त ओढावा म्हणून डिझेल पंप वाढवून घेतलेली गाडीही तापणारच, मागे काळा धूर बघा. पंपाचं टायमिंग मागे असलं तरी तेच. ब्रेक चिकटत असेल तर फेरीनंतर चारही चाकांजवळ हात न्या, एक ड्रम वेगळाच भाजेल.

हेड गॅस्केट

सर्वांत शेवटी, कारण सर्वांत महाग. पाणी कमी होतं आणि जमिनीवर थेंब नाही. थंड इंजिन चालू केल्याबरोबर एका मिनिटात वरची होज कडक. डिपस्टिकवर दुधाळ तेल. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग. एवढं दिसलं तरी मी एक चाचणी करतो. इंजिन थंड, चाकांना दगड, गाडी न्यूट्रलला. पट्टा काढायचा म्हणजे वॉटर बॉडी पाणी ढवळणार नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन जेमतेम अर्धा-एक मिनिट चालवायचं. थोडे बुडबुडे येऊन थांबले तर अडकलेली हवा होती. सतत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय.

हेड उतरवलं की नुसतं गॅस्केट बदलून परत ठोकू नका. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फीलर गेजने वाक मोजा. 0.1 मिलिमीटरची पाती खालून सरकली तर फेस मारायला, म्हणजे तळ सपाट करायला, पाठवाच. मर्यादा किती ते त्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. दाबाखाली तडे तपासून घ्या, त्याचे पैसे वाचवू नका. ब्लॉकचा वरचा भागही मोजा. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. तेल आणि फिल्टर बदला, जुन्यात पाणी गेलेलं असतं. आणि ज्या कारणाने गाडी तापून गॅस्केट गेलं ते शोधल्याशिवाय गाडी परत देऊ नका. तुंबलेल्या रेडिएटरवर नवं गॅस्केट एक हंगामसुद्धा टिकत नाही.

काम कुठलंही झालं तरी पाणी भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर उघडा, झाकण काढून आयडलला चालवा, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग अर्ध्या लोडवर घाटात एक फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा आणि होजच्या क्लिपा पुन्हा आवळा. थोडं पाणी बसेल, ते उरलेली हवा निघाल्याचं. त्याच्या पुढच्या सकाळीही तेवढंच बसलं तर भाडं घेऊ नका, गाडी परत आणा.